तोंडाची वाफ

"लागलं का तुझं नाटक?" ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"लागतंय. चाक फिरतंय अजून."

शनिवारची सकाळ होती. मुलीनं बेंगळुरूहून पाठवलेला तिचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडून मी बसले होते. ह्यांनी चहाचा कप आणून माझ्यासमोर ठेवला आणि पडद्याकडं न बघता परत आत गेले. त्या नाटकाचा विषय निघाला की ह्यांना आत काहीतरी काम निघायचंच. इतक्या वर्षांत मला त्याची सवय झाली होती.

नाटकाचं नाव 'उरलेल्या'. मूळ ग्रीक, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. युद्ध हरलेल्या एका नगरातल्या बायका. घरातले पुरुष मेलेत, आणि जिंकलेले लोक कुणाला कुठं दासी म्हणून नेणार याची वाट बघत त्या बसल्यात. ताम्हनकर सरांनी ते मराठीत आणलं आणि गडहिंग्लजच्या आमच्या हौशी मंडळाकडून बसवून घेतलं. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, मी मुलींच्या हायस्कुलात मराठी. पस्तिशीची होते मी तेव्हा. त्यातल्या आईचं काम माझ्याकडं होतं. नाटक गाजलं, बक्षिसं मिळाली, गावोगाव प्रयोग झाले. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं कोल्हापूरच्या प्रयोगाची कॅसेट काढून ठेवली होती. ती सरांच्या कपाटात पडून होती. ती तन्वीनं मागून नेली.

तन्वी ओगले पुण्याची. परदेशात एका विद्यापीठात नाटकावर संशोधन करत होती. त्या विद्यापीठानं एक वेबसाइट काढली होती. जगात कुठंही जुनी ग्रीक नाटकं झाली असली, की त्यांच्या फिल्मा आणि कॅसेटी मिळवायच्या, साफसूफ करायच्या, आणि कुणालाही घरबसल्या बघता येतील अशा मांडून ठेवायच्या. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता.

"मॅडम, नाटकाच्या नावावर बोट ठेवलंत की त्याचे सगळ्या देशांतले प्रयोग एकाखाली एक येतात. तुमचंही आता त्यात दिसेल. आणि रविवारी सकाळी तुम्ही सरांच्या घरी या. मी इकडून व्हिडिओवर असेन. मला फक्त त्या वाफेच्या प्रसंगाबद्दल तुम्हा दोघांचं बोलणं रेकॉर्ड करायचंय."

"त्यात नवीन काय सांगणार मी?"

"नवीन नकोच. जे झालं तेच तुमच्या तोंडून हवंय. इतक्या जुन्या नाटकात एका बाईनं स्वतःची आठवण आणून ठेवली, असं मी दुसरीकडं कुठं ऐकलेलं नाही."

तो प्रसंग असा होता. शेवटाकडं त्या आईच्या हातात तिचं मेलेलं मूल आणून देतात. आमच्या नाटकात ते सुपातून यायचं. मी खाली बसायची. सूप मांडीवर घ्यायची, कापड जरा बाजूला सारायची, मुलाचं एक पाऊल ओंजळीत धरायची, आणि त्याला तोंडाची वाफ द्यायची. एकदा, दोनदा, तीनदा. डोळा आलेल्या पोराला पदराच्या बोळ्यानं देतात तशी. मग ते पाऊल गालाला लावून बघायची, ऊब आली का. आणि कापड परत झाकायची. या सगळ्यात एकही वाक्य नव्हतं. पण समोर अंधारात कुणी खोकायचंसुद्धा नाही.

माझा पहिला मुलगा जन्मल्यावर दोनच दिवसांत गेला होता. मला तापाची ग्लानी होती, बाळंतपण अवघड झालेलं. त्याच्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही, मीही नाही. पुढं मुलगी झाली, शाळा होती, दिवस गेले. नाटकाच्या तालमी चालल्या असताना तो प्रसंग काही केल्या जमेना. सरांनी एका दुपारी बाकीच्यांना चहाला पाठवलं, मला समोर बसवलं आणि विचारलं, "गिरिजाबाई, तुम्ही कधी असं कुणाला हातात घेतलंय?" आणि मी सांगितलं. नऊ वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्या दुपारी शाळेच्या हॉलमध्ये निघालं. त्यातूनच ती वाफ आली. सर पुढं प्रत्येक सत्कारात, प्रत्येक मुलाखतीत हे सांगायचे. "हे मी बसवलेलं नाही. हे या बाईंचं आहे." मला बोलायला उभं केलं की मीही सांगायची. सांगता सांगता मला त्याच्या अंगठ्याचं एवढंसं नखसुद्धा आठवायला लागलं होतं. पोराचं नाव ठेवलं गेलं नव्हतं, फोटो नव्हता. ते पाऊल तेवढं माझ्याजवळ होतं.

आमच्या गावातल्या पहिल्या प्रयोगाला हे आले होते. त्या प्रसंगाला उठून बाहेर गेले, ते परत आत आले नाहीत. घरी आल्यावर मी काही विचारलं नाही आणि ह्यांनी काही सांगितलं नाही. मी धरून चालले की घरातलं दुःख चव्हाट्यावर मांडलं म्हणून हे रागावलेत.

चाक फिरायचं थांबलं. यादी आली. सगळ्यात वर आमचं होतं, नवीन म्हणून. मळकट चित्रात मी, काळ्याभोर केसांची, सूप घेऊन. खाली इंग्रजीत भारत, मराठी, आणि माझं नाव, गिरिजा पट्टणशेट्टी. मला फार बरं वाटलं. बराच वेळ नुसतं बघत बसले.

मग म्हटलं, बाकीच्यांनी काय केलंय ते बघू. हे असं कधी बघायला मिळणार होतं आपल्याला? ग्रीसमधला प्रयोग उघड्यावर होता, दगडी पायऱ्यांवर हजारो लोक. तिथली आई मुलाला बघून दोन्ही हातांनी छाती बडवत होती, सोबतच्या बायकाही. जपानमधली बाई हललीच नाही, नुसती उभी. तिच्या बाहीचं टोक तेवढं थरथरत होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांनी मूल हातोहात पुढं दिलं आणि सगळ्या मिळून गायल्या. भाषा एकीचीही कळत नव्हती, पण गोष्ट ठाऊक असल्यामुळं सगळं समजत होतं. मी प्रत्येक फिल्म पुढं ढकलून तो एकच प्रसंग बघत होते. प्रत्येकीनं त्या पोराचं काय केलं, हे बघत होते. जगभरच्या बायकांच्या रांगेत मीही बसले आहे असं काहीतरी मनात येत होतं. चहा निवून गेला.

पोलंडचा प्रयोग काळ्यापांढऱ्या फिल्मवर होता. आमच्या आधी चौदा-पंधरा वर्षं झालेला. बाई साठीची असावी, डोक्याला रुमाल बांधलेली, आपल्याकडच्या भाजीवालीसारखा रापलेला चेहरा. तिच्याकडं मूल आलं ते वेताच्या उथळ टोपलीतून. ती खाली बसली. टोपली मांडीवर घेतली. कापड जरा बाजूला सारलं.

तेव्हाच मला पुढचं कळलं. तिचे हात हलायच्या आधी मला माहीत होतं ते कुठं जाणार. तिनं पाऊल ओंजळीत धरलं. वाफ दिली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वाफेनंतर मान डावीकडं वळवून जरा थांबली. "तिसऱ्यानंतर डावीकडं बघा, लगेच गालाला लावू नका," असं सर मला तालमीत सांगायचे. मग तिनं ते पाऊल गालाला लावलं. आणि कापड झाकलं.

मी ते मागं घेऊन पुन्हा बघितलं. मग पुन्हा.

"कसं दिसतंय?" हे आतून म्हणाले.

"चांगलं दिसतंय," मी म्हटलं.

जेवण झाल्यावर मी सरांकडं गेले. सर एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा अमेरिकेत. ऐंशी ओलांडलेली, गुडघे धरलेले. पण आवाज तसाच वर्गात घुमणारा. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मला बघून खुलले.

"या, या. रेकॉर्डिंग उद्या आहे ना? की मी वार चुकलो?"

"उद्याच आहे. मी ती वेबसाइट बघितली, सर."

"आपलं स्वच्छ केलंय म्हणे तिनं. आवाज नीट येतो का?"

"मी पोलंडचं बघितलं."

सरांनी पेपरची घडी घातली. मग ती घडी पुन्हा मोडून दुसरी घातली. मला वाटलं होतं ते म्हणतील, कुठलं पोलंडचं? तसं म्हणाले असते तर मी कदाचित चहा पिऊन परत आले असते.

"तेही चढवलंय का त्यांनी," ते म्हणाले.

"तुम्ही कधी बघितलं होतं?"

"दिल्लीला. कॉलेजनं शिबिराला पाठवलं होतं मला. तिथं प्रोजेक्टरवर दाखवली होती फिल्म. एकदाच बघितली, पण डोक्यातून जाईना. सहा-सात वर्षं ते नाटक मी नुसतं डोक्यात घेऊन फिरत होतो, गिरिजाबाई. ते काम पेलेल अशी बाई मिळेना."

"म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं ते."

"हो."

"सूपसुद्धा?"

"त्यांची टोपली होती. सूप आपलं."

मी पायरीवरच बसले. सर म्हणाले, खुर्ची घ्या. मी घेतली नाही.

"मला सांगायचं होतंत की सर. पोलंडची बाई असं करते, तुम्हीही तसं करा. केलं असतं मी. तुम्ही सांगितलेलं कधी केलं नाही असं झालंय का?"

"तेच तर. केलं असतंत. आज्ञाधारकपणे केलं असतंत आणि नक्कल झाली असती. मला नक्कल नको होती. ते तुमच्या आतून यायला हवं होतं. आणि आलंच ना? लोक रडले ते काय पोलंडच्या बाईसाठी?"

"तुम्ही मला विचारलंत, मुलाचे पाय गार होते का."

"हो, विचारलं."

"मी हो म्हटलं. मग तुम्ही विचारलंत, ऊब द्यावीशी वाटली असेल ना. मी म्हटलं, वाटली असेल. मग म्हणालात, कशी दिलीत? हातानं की तोंडानं?"

मला त्या दुपारचा एकेक शब्द आता ऐकू येत होता. इतकी वर्षं मला फक्त माझंच बोलणं आठवत होतं.

"हातानं की तोंडानं, असं विचारलंत. मी तोंडानं म्हटलं. रडत होते मी, सर. तुम्ही जे विचाराल त्याला हो म्हणत होते."

"दिग्दर्शकाला असंच काढून घ्यावं लागतं नटाकडून. त्यात फसवणूक नसते." सर पुढं वाकले. आवाज खाली आला होता, पण त्यात एक कुतूहल होतं, तालमीत असायचं तसं. "पण एक सांगा. म्हणजे तसं झालंच नव्हतं?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी आठवून बघितलं, तर ते पाऊल आलं, ते नख आलं, आणि मागं रंगमंचाचा निळा दिवा आला. दवाखान्यात निळा दिवा कुठून असणार?

"उद्या तिला काय सांगायचं?" मी विचारलं.

"जे इतकी वर्षं सांगतोय तेच. आता या वयात मला कुठं उभं करता तुम्ही?"

"दोन्ही एकाच पानावर आहेत, सर. कुणीही बघेल."

"नाही बघत कुणी. जगभरातलं सगळं समोर ठेवलं की लोक आपापलं बघतात आणि जातात. बघितलं तरी म्हणतील, दोन देशांतल्या दोन आयांना एकच सुचलं. उलट जास्तच भारावतील." ते हसले. "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. काम तुमचंच आहे."

घरी आले तेव्हा हे मागच्या दारात पाट टाकून वाल सोलत बसले होते. गावातलं आमचं दुकान मुलीच्या लग्नानंतर बंद केल्यापासून घरातली अशी बारीक कामं ह्यांनीच घेतली होती. मी समोर जमिनीवर बसले. भांड्यातले वाल घेऊन मीही सोलायला लागले. पहिल्यांदा काय बोलायचं ते कळेना, म्हणून सरळच विचारलं.

"अहो, आपलं ते पहिलं बाळ. गेल्यावर माझ्या हातात दिलं होतं ना त्याला?"

ह्यांचा हात थांबला. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि हा प्रश्न आम्ही एकमेकांना कधी विचारला नव्हता.

"दिलं होतं."

"मी त्याच्या पायांना वाफ दिली होती का? तोंडाची?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे भांड्यात टाकले.

"नाही," हे म्हणाले.

"नीट आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? मी तिथंच उभा होतो. दुपट्यात घट्ट गुंडाळून दिलं होतं पोर. तोंड तेवढं उघडं. नर्स म्हणाली, सोडू नका. पाय तू बघितलेच नाहीस. मीही मग पुरायच्या वेळीच बघितले."

"मग मी काय केलं?"

"टाळूचा वास घेतलास. आणि विचारलंस, याला खोबरेल कुणी लावलं?"

"काय?"

"असंच विचारलंस. म्हणालीस, आमच्याकडं खोबरेल लावत नाहीत, तिळाचं लावतात. सकाळी तिथल्या आयाबाईनं लावलं होतं. पोर जिवंत होतं तेव्हा. ती बिचारी घाबरली, तुझ्या पाया पडायला लागली. मग तू म्हणालीस, असू दे. आणि परत दिलंस त्याला माझ्याकडं."

मला यातलं काही म्हणजे काहीच आठवेना. कुणा तिसऱ्याच बाईची गोष्ट ऐकावी तसं मी ऐकत होते.

"मग त्या दिवशी तुम्ही नाटकातून उठून का गेलात?"

"तू जे करत होतीस ते झालंच नव्हतं. आणि सगळे रडत होते. शेजारचे लोक माझ्याकडं वळून बघत होते. बसवेना मला."

"मला वाटलं, रागावलात."

"रागावलो नव्हतो."

"मग सांगितलं का नाहीत? इतक्या सभांतून मी ते सांगत फिरले. त्याचं नखसुद्धा सांगायचे मी लोकांना. तुम्हाला माहीत होतं ते सगळं खोटं आहे म्हणून."

ह्यांनी टरफलं गोळा केली.

"प्रयोग झाला त्या दिवशी घरी आलीस," मग म्हणाले, "आणि भाकरी टाकता टाकता म्हणालीस, आपलं बाळ असतं तर आज चौथीत असतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याचं काहीतरी बोललीस. मग मी काय सांगू? की पाय तू बघितलेच नाहीस? म्हटलं, असू दे. तिला ते तरी आहे."

ह्यांनी ते प्रेमानंच केलं असणार. आज मला ते कळतं. त्या दिवशी मात्र मला एवढंच दिसलं की माझ्या पोराबद्दल मी सोडून सगळ्यांना काहीतरी ठाऊक होतं. सरांना एक ठाऊक होतं, ह्यांना एक. आणि दोघांनी मला मधोमध उभं करून ठेवलं होतं, दिव्याखाली, लोकांसमोर. मी वालाचं भांडं ह्यांच्याकडं सरकवलं आणि आत जाऊन पडून राहिले. रात्री जेवायला उठले नाही.

रविवारी मी जाणार नव्हते. सकाळी सरांचा फोन आला, तब्येत कशी आहे विचारायला. त्यांचा आवाज इतका नेहमीसारखा होता की मी साडी बदलून निघाले.

सरांनी व्हरांड्यात टेबल मांडून लॅपटॉप ठेवला होता. कडक इस्त्रीचा झब्बा घातला होता. तन्वी पडद्यावर आली. मोकळ्या केसांची, गोड मुलगी. तिच्याकडं अजून उजाडत होतं. "मॅडम, काल रात्री पुन्हा बघितलं मी. रडू आलं," ती म्हणाली. आणि मग तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं.

पहिल्यांदा सर बोलले. नाटक कसं निवडलं, आपल्या मातीतलं कसं केलं, सूप कसं आलं. सुपात बाळाला घालतात, धान्य पाखडतात, आणि त्याच सुपातून मेलेलं मूल आणायचं. छान बोलले. तन्वी मान हलवत होती.

"आता मॅडम," ती म्हणाली, "तो प्रसंग कसा आला?"

मी म्हटलं, "मला तो आठवत नाही."

"म्हणजे तालीम आठवत नाही?"

मी उत्तर द्यायच्या आधी सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. हलकाच. "गिरिजाबाईंना त्या आठवणीचा अजून त्रास होतो," ते म्हणाले. "आणि आता वयही झालंय आमचं. मीच सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. माझं बाळंतपण, माझा ताप, दवाखान्यातली खोली. बाळाचे गार पडलेले पाय. मी ते ओंजळीत कसे धरले. अंगठ्याचं ते नख. ते नखही त्यांनी सांगितलं. माझ्या समोर, माझा हात धरून, ते माझ्या मुलाबद्दल बोलत होते आणि त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते.

मी हात काढून घेतला.

"तन्वी," मी म्हटलं, "माझ्या मुलाचे पाय मी कधी बघितलेच नाहीत. त्याला गुंडाळून दिलं होतं. ती वाफ पोलंडच्या बाईंची आहे. त्यांचं नाव तुमच्याकडं असेल. ते तिथं लिहा."

तन्वी पडद्याजवळ वाकली. तिला वाटलं असावं, आवाज तुटला. सर शांतपणे म्हणाले, "थांबवू या का जरा? बाईंना बरं नाहीये." आणि तिनं थांबवलं.

मी उठले. सर फाटकापर्यंत यायचा प्रयत्न करत होते, गुडघ्यांमुळं जमेना. "गिरिजाबाई," ते मागून म्हणाले, "अहो, मी तुमचं नाव जगभर नेलं." मी वळून बघितलं नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

दोन आठवड्यांनी ते बोलणं वेबसाइटवर आलं. आमच्या नाटकाच्या शेजारी, 'एका आईची आठवण' या नावानं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरच बोलत होते. मी त्यांच्या शेजारी बसलेली दिसत होते, खाली बघत, आणि बघणाऱ्याला वाटावं की ऐकवत नाही म्हणून खाली बघतेय. माझं वाक्य कुठंच नव्हतं.

मी तन्वीला फोन केला.

"मॅडम, सरांनी सांगितलं तुम्हाला अलीकडं विसरायला होतं म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर बराच वेळ बोलले ते. म्हणाले, हे लोकांसमोर आलं तर बाईंचीच शोभा होईल. मला वाटलं, तुमच्यासाठीच ते काढायला हवं."

"मला विसरायला होत नाही."

"मग मी बदलू का? सरांना एकदा विचारते आणि बदलते."

"त्यांना विचारणार आहेस का तू?"

"त्यांचंही रेकॉर्डिंग आहे ना मॅडम. विचारावं लागेल."

तिनं विचारलं की नाही, मला माहीत नाही. ते अजून तसंच आहे. खाली लोक लिहितात, परदेशातल्या बायकासुद्धा. पोलंडची फिल्म त्याच यादीत पाच-सहा नावांखाली आहे.

त्या फोननंतर मी लॅपटॉप मिटला आणि मागच्या दारी आले. हे तुळशीला पाणी घालत होते. इतक्या दिवसांत आम्ही कामापुरतंच बोललो होतो.

"मला सगळं सांगा," मी म्हटलं. "अगदी पहिल्यापासून. त्याला दवाखान्यात कुठं ठेवलं होतं, कपडे कुठले होते, कुठं पुरलं, बरोबर कोण होतं. सगळं."

"आता?"

"आता."

ह्यांनी तांब्या खाली ठेवला. पायरीवर बसले आणि सांगायला लागले. ह्यांना सगळं आठवत होतं. दुपटं पिवळं होतं, माझ्या आईनं शिवलेलं. कपाळ माझ्या वडलांसारखं रुंद. ओठावर दूध वाळलेलं. ह्यांनी त्याला मांडीवर घेऊन टांग्यातून नेलं होतं आणि वाटेत टांगेवाल्यानं विचारलं होतं, पोर झोपलंय का. मी प्रत्येक गोष्ट मनात नीट धरायचा प्रयत्न करत होते. पिवळं दुपटं. कपाळ. टाळूवरचं तेल. ह्यांच्या तोंडून ते यायचं आणि माझ्यासमोर उभं राहायच्या आत त्या पोलंडच्या बाईची ओंजळ यायची, तिच्यात ते पाऊल, आणि तिचं वाकलेलं तोंड.

"दिसतंय ना तुला?" ह्यांनी मधेच विचारलं.

"हो," मी म्हटलं. "सांगा पुढं."